बारमागे उभा राहिलेला सेनापती

लेखमाला : बेवतन – भाग ८

'पोलीस ॲक्शन' हा शब्द जालन्यातल्या जुन्या घरांतून अजून ऐकू येतो. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज निजामाच्या हद्दीत शिरली. जालन्याच्या बाजूला तिच्याबरोबर १८ कॅव्हलरीचे रणगाडे होते आणि निजामाच्या सैन्याने इथे चिवट प्रतिकार केला. १७ तारखेला हैदराबादने शरणागती जाहीर केली. मराठवाडा आजही त्या दिवशी झेंडा लावतो.

या शरणागतीच्या आठवडाभर आधी, ९ सप्टेंबरला, ब्रिटनमध्ये एका रणगाडा-सेनापतीला लष्करातून मोकळे करण्यात आले. स्तानिस्लाव माचेक हे त्यांचे नाव, वय ५६. महायुद्धात ते जिंकलेल्या बाजूने लढले होते, तरी घरी परतायला त्यांना देश उरला नव्हता.

माचेक यांचा जन्म १८९२चा, ल्वुफ शहराजवळच्या एका गावातला. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीचा होता, पुढे पोलंडचा झाला आणि आज तो युक्रेनमध्ये आहे. ल्वुफच्या विद्यापीठात हा तरुण साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकत होता. पहिले महायुद्ध आले आणि पुस्तके मिटली ती मिटलीच. पुढे त्यांनी आठवणी लिहिल्या, त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'छकड्यापासून रणगाड्यापर्यंत' असा आहे. एका ओळीत सारी कारकीर्द आली!

१९३९मध्ये हिटलरने पोलंडवर हल्ला केला तेव्हा त्यांच्या हाताखाली मोटारींवर चढवलेली एक घोडदळ ब्रिगेड होती. ती डोंगराळ भागात लढत लढत मागे सरली, पण मोडली नाही. पूर्वेकडून रशियाही पोलंडमध्ये घुसल्यावर माचेक माणसांसह हंगेरीत उतरले. तिथून फ्रान्स. फ्रान्स पडल्यावर इंधनाअभावी गाड्या स्वतःच्या हाताने नष्ट करून, उत्तर आफ्रिकेचा वळसा घेत ब्रिटन. १९४२मध्ये स्कॉटलंडमध्ये माचेक यांच्या हाताखाली पहिली पोलिश चिलखती डिव्हिजन उभी राहिली. परक्या भूमीवर परक्यांनी दिलेले रणगाडे आणि त्यावर पोलिश घोडेस्वारांच्या पंखांची खूण.

ऑगस्ट १९४४मध्ये नॉर्मंडीतल्या फालेजजवळ जर्मन फौज दोस्तांच्या कोंडीत सापडली. कोंडीचे तोंड बंद करायचे काम पोलिशांकडे आले. तिथली एक टेकडी नकाशावर गदेसारखी दिसायची, म्हणून माचेक यांनी तिला 'गदा' म्हटले. सुमारे १,५०० सैनिक आणि ८० रणगाडे १९ ते २१ ऑगस्ट त्या गदेवर अडकून पडले होते. कोंडीतले जर्मन बाहेर पडायला धडका देत होते आणि बाहेरचे त्यांना सोडवायला पाठीमागून चढत होते. दारूगोळा संपत आला तेव्हा कॅनडाची फौज पोचली. ऑक्टोबरात हॉलंडमधले ब्रेडा शहर माचेक यांच्या डिव्हिजनने जिंकले, तेही तोफांनी न भाजता, पूर्वेकडून वळसा घालून. ब्रेडाकरांनी त्यांना मानद नागरिक केले. हे नागरिकत्व पुढे फार मोलाचे ठरले.

कारण तेवढ्यात नकाशे बदलले होते. फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाला तीन बड्यांनी पोलंडचा पूर्व भाग रशियाला दिला. माचेक यांचे ल्वुफ त्यात गेले. जुलैमध्ये ब्रिटन-अमेरिकेने लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या कम्युनिस्टांच्या पुढाकाराखालच्या सरकारला दिली. ज्या सरकारची शपथ घेऊन हे सैन्य लढले, ते एका दिवसात कागदावरचे उरले. २६ सप्टेंबर १९४६ला वॉर्साने माचेक आणि इतर अनेक अधिकाऱ्यांचे नागरिकत्व काढून घेतले. ब्रिटनच्या लेखी ते ब्रिटिश सेनापती नव्हते, त्यामुळे सेनापतीचे पेन्शन नाही. वॉर्साच्या लेखी ते पोलिशच नव्हते. मला यात ब्रिटनचा हिशेबीपणा जास्त खुपतो, कारण वॉर्सा निदान उघड वैरी होता.

घरी आजारी मुलगी. माचेक यांनी एडिंबरामध्ये एका हॉटेलच्या बारमध्ये पेले भरायची नोकरी धरली. हॉटेलचा मालक त्यांचाच जुना सैनिक होता. हॉलंडच्या सरकारने त्यांना गुपचूप मदत केली, हे खूप उशिरा उघड झाले.

आता महाराष्ट्राकडे वळू. रशियाने हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे त्यांची छावणी वसली. सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले. शाळा, चर्च, नाटके सगळे होते. घरचे पुरुष पोलिश जनरल आंडर्स यांच्या सैन्यात इटलीत लढत होते. ९ एप्रिल १९४५ला इटलीतल्या सेनियो नदीवर एकाच मोहिमेत पोलिश कोअर आणि मराठा पलटण दोन्ही होत्या. मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव यांना त्या दिवसाच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव लढाईनंतर गावी आले. वळिवड्याच्या मुलांचे बाप मात्र परतणार कुठे? १९४८पर्यंत छावणी रिकामी झाली. माणसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. त्या जागी सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. तेच आजचे गांधीनगर.

पोलंड सरकारने १९८९मध्ये माचेक यांची माफी मागितली, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. ११ डिसेंबर १९९४ला एडिंबरामध्येच ते गेले, वय १०२. त्यांना ब्रेडामध्ये, त्यांच्या सैनिकांच्या शेजारी पुरले आहे.

पुढच्या भागात वळिवड्याची छावणी सविस्तर. त्याआधी वाचकांकडे एक मागणे : सप्टेंबर १९४८मध्ये जालन्यात रणगाडे पाहिलेले कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांच्याकडून ऐकून, लिहून जरूर पाठवा.