सुवार्तासभांतील संगीत

ख्रिस्ती श्रद्धेबाहेरच्या किंवा तीपासून दुरावलेल्या लोकांसाठी भरविण्यात येणाऱ्या उपासनासभांत योजिले जाणारे गायनवादन. नित्य उपासनेतील स्तोत्र बहुधा परमेश्वराला उद्देशून असते. सुवार्तासभेतील गीताचा रोख पुष्कळदा श्रोत्याकडे असतो. प्रवचनापूर्वी परक्या समुदायाला एकत्र आणणे, प्रवचनाचा आशय स्मरणात ठेवणे आणि अखेरीस श्रोत्याला निर्णयासाठी आवाहन करणे, ही कामे गीताकडे येतात.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी उघड्या मैदानांत प्रवचने केली. त्यांचे बंधू चार्ल्स यांनी सहा हजारांहून अधिक स्तोत्रे रचली. निरक्षर श्रोत्यांना धर्मसिद्धांताची ओळख झाली, ती बव्हंशी या पद्यांतून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रानावनांतून तंबू ठोकून सभा होऊ लागल्या. तेथे सर्वांच्या हाती पुस्तके असणे शक्य नव्हते. म्हणून ऐकताच उचलता येईल अशा ध्रुपदाला महत्त्व आले.

या परंपरेला निश्चित रूप दिले ते ड्वाइट मूडी (१८३७–९९) व आयरा सँकी (१८४०–१९०८) या अमेरिकन जोडीने. मूडी यांना स्वतःला गाता येत नसे. पण गाण्याचे सामर्थ्य ते ओळखून होते. १८७३–७५ मधील ब्रिटनच्या दौऱ्यात सँकी लहानशा पेटीवर स्वतः साथ करीत एकट्याने गात. स्कॉटलंडमधील अनेक चर्चमध्ये तोवर वाद्याविना केवळ बायबलमधील स्तोत्रेच गायिली जात. त्यामुळे ही पेटी अनेकांना खटकली. १८७४ मध्ये एडिंबरो येथे ‘उत्तम मेंढपाळ’ या विषयावरील प्रवचनानंतर, वर्तमानपत्रातून कापून ठेवलेल्या हरवलेल्या मेंढराच्या कवितेला सँकी यांनी उभ्या उभ्या चाल लावली. ते गीत प्रवचनाचा उत्तरार्धच ठरले. छोट्या पुस्तिकेपासून सुरू झालेला त्यांचा गीतसंग्रह पुढे १,२०० गीतांपर्यंत वाढला.

गीत मनाला पाझर फोडते. पण तो पाझर म्हणजे श्रद्धा नव्हे, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. बिली ग्रॅहम यांच्या १९५७ मधील न्यूयॉर्क येथील सभांतही मोठा गायनवृंद शांतपणे गात असताना श्रोत्यांना पुढे येण्याचे आवाहन केले जाई, आणि त्या क्षणी सूर व शब्द यांतील कशाचा प्रभाव अधिक, हे सांगणे अवघडच.

अशी इंग्रजी गीते मिशनऱ्यांबरोबर महाराष्ट्रातही आली व भाषांतरित झाली. तेथे अडचण निराळी होती. इंग्रजी गीताची लय आघातांवर, तर मराठी पद्याची मात्रांवर वा अक्षरसंख्येवर चालते. परकी चाल कायम ठेवली, की ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ आखूड होई आणि अर्थ हरपे. शिवाय ऐकणाऱ्याला ते गाणे आपले वाटत नसे. वास्तविक गोव्यात फादर टॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध क्रिस्तपुराण (१६१६) रचून वेगळी वाट दाखविली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) परिसरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजविले. पूर्वरंगात विषयाचे निरूपण, उत्तररंगात उधळ्या पुत्रासारखे बायबलमधील आख्यान, आणि टाळ, तबला व पेटी यांच्या साथीने पदे, हा साचा गावकऱ्यांच्या परिचयाचा होता. नवे होते ते केवळ आख्यान. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) स्वतः कीर्तने केली आणि अभंग, ओवी व पदे यांतून स्वतंत्र ख्रिस्ती गीतरचना केली. तिच्यात परक्या स्तोत्राचा अनुवाद करण्याची धडपड नसून वारकरी भक्तीची भाषा ख्रिस्ताकडे वळलेली दिसते. उपासना संगीत या मराठी संग्रहात त्यांची भजने व पाश्चात्त्य चालींवरील स्तोत्रे शेजारी शेजारी छापलेली आढळतात.