आफ्रिकेतले बिशप : किल्लारी कुणाच्या हद्दीत?

युगांडाचे बिशप किवानुका यांना आज थांबावं लागणार. काँगोच्या हेन्रिकवरचा लेख वाचून किल्लारीच्या एका वाचकांनी पेचात पकडलंय. हेन्रिक काँगोच्या राजाचा मुलगा आणि त्याला पदवी मिळाली उटिकाची, ते तर ट्युनिसजवळ. मग १५१८ साली पोपनं त्याला भलत्याच गावचा बिशप कसा केला? आणि असा प्रकार आपल्याकडे कधी झाला का? झाला, आणि थेट त्यांच्या शिवेपर्यंत आला होता.

बिशप म्हटलं की त्याच्या नावावर धर्मप्रांत हवा. जिथं धर्मप्रांत अजून उभा नाही, तिथं पाठवायच्या माणसाला रोम एखाद्या बुडालेल्या जुन्या धर्मप्रांताची पदवी देतं. सातबारा एका गावचा आणि कसायची जमीन दुसऱ्याच गावची, असा हा मामला. हेन्रिकच्या वेळी उटिका म्हणजे नुसते पडके अवशेष होते.

आपल्याकडचा गडी म्हणजे मातेउश द कास्त्रो, मूळचा महाले, गोव्याच्या दिवाड बेटावरचा. या ब्राह्मण घराण्यातल्या पोराला दीक्षा द्यायला गोव्याचे आर्चबिशप तयार होईनात. पठ्ठ्यानं इराणमार्गे रोम गाठलं, तिथं दीक्षा घेतली आणि १६३७ साली बिशप झाला. पदवी अरबस्तानातल्या क्रायसोपोलिसची, काम मात्र आदिलशाहीत.

आदिलशाहीच का? पूर्वेकडचे बिशप नेमताना नाव सुचवायचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. रोममध्ये १६२२ साली निघालेल्या 'प्रोपगंडा फिदे' या खात्याला मिशनचा कारभार स्वतःच्या हाती हवा होता. तोड अशी निघाली की जिथं पोर्तुगीजांचा अंमल नाही, तिथं पोपच्या वतीनं थेट काम पाहणारा बिशप नेमायचा. त्याला व्हिकार अपोस्टोलिक म्हणतात. म्हणजे या बिशपची हद्द आखली सुलतानाच्या सरहद्दीनं! गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी कास्त्रोला मानलं नाही, तेव्हा त्यानं दिचोलीत ठाण मांडलं. दिचोली तेव्हा आदिलशहाची. १६५४ साली विजापूरची फौज गोव्यावर चालून आली, तिला फूस कास्त्रोचीच, असं पोर्तुगीज म्हणत. पुढे तो रोमला परतला आणि १६७७ साली तिथंच वारला.

आता किल्लारी. नैर्ऋत्येला नळदुर्ग, तिथला पाणीमहाल इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, तेव्हा नळदुर्ग बिनघोर कास्त्रोच्या हद्दीत. मोगलांशी झालेल्या १६३६ च्या तहात परांडाही विजापूरकडे गेला. पण त्याच वर्षी मोगल सरदार खानदौरानानं उदगीर आणि औसा घेतले. उदगीरचा किल्लेदार होता सिद्दी मिफ्ताह, म्हणजे आफ्रिका इथंही आहेच! किल्लारी औशाबरोबर गेली असं धरलं, तर कास्त्रो बिशप व्हायच्या वर्षभर आधीच ती मोगलाईत जमा झाली. बिशप थोडक्यात हुकला. आज किल्लारीचा लातूर जिल्हा १९७७ साली झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो.

अडचण एवढीच, की गाव आज औसा तालुक्यात आहे म्हणून तेव्हाही औशाच्याच परगण्यात होतं, असं नाही. कुणाच्या घरी जुने देशमुखी-कुलकर्णी कागद असतील तर पाहून कळवा. नळदुर्गाकडचा उल्लेख निघाला तर निकाल फिरेल.

किवानुका पुढच्या आठवड्यात नक्की. १९३९ साली युगांडात मसाकाचा कारभार त्यांच्याकडे आला, पण पदवी मिळाली थिबिकाची. तेही ट्युनिशियातच.