मुंडी भाजण्याचा जाळ

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर शिक्रापूरच्या आसपास ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या दिसतात. चुलीच्या धुराने मटणाला चव येते, हा त्यामागचा समज. पण झाकलेल्या पातेल्यात धूर फारसा शिरत नाही. तिथली चव मंद, एकसारख्या धगीची. मांसाला धूर खरा लागतो तो बोकडाची मुंडी आणि पाय भाजताना. तळेगाव ढमढेऱ्यात हे काम करणाऱ्यांच्या जाळापाशी बसून जे टिपले, ते इथे मांडतो.

भाजण्याचे टप्पे दोन. आधी केस जाळायचे. त्याला मोकळा, उंच जाळ लागतो आणि मुंडी सतत फिरती ठेवावी लागते. मग जाळ बसू द्यायचा आणि निखाऱ्यांवर कातडी शेकायची. शेवटी काजळी सुरीने खरवडून, हळद लावून धुवायचे. पहिल्याच टप्प्यात सगळे उरकले, तर कातडी वरून करपते आणि आत कच्ची राहते.

कारण लाकडाच्या जळण्यात आहे. ताज्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. ते उडेपर्यंत आग तापत नाही. साधारण 200 ते 300 अंश सेल्सिअसला लाकडातून वायू सुटू लागतात. पुरेशी हवा मिळाली तर ते पेटतात, तोच जाळ. हवा कमी पडली तर न जळताच पांढरा, दाट धूर होऊन निघतात आणि मांसावर कडू थर धरतात. दाट धूर म्हणजे वाया गेलेले जळण. म्हणून सरपण वाळलेले हवे, फाटे पोकळ रचावेत, नवे लाकूड कडेला तापवून मग आत सारावे. धूर विरळ, निळसर झाला की आग बसली. लाकडातल्या लिग्निनपासून होणारे ग्वायकॉल सुवास देते. त्याला एवढा धूर पुरतो.

बाभळीचा निखारा टिकाऊ. आपल्याकडे माळरानांवर माजलेली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. टेक्सासात मांस धुरावण्यासाठी जाळतात ते मेस्किट तिचेच जवळचे नातलग.

आता गॅसच्या बंदुकीने काम झटपट होते. केस जातात, पण लाकडी धुराचा वास लागत नाही. तरी जुन्या पद्धतीचे नुसते गोडवे गाऊ नयेत. निखाऱ्यावर चरबी ठिबकली की उठणाऱ्या धुरात बेन्झोपायरिन असते, आणि ते कर्करोगकारक ठरलेले आहे. खाणारा मुंडी कधीमधी खातो. भाजणारा तो धूर रोज छातीत घेतो. कमी धुराची आग राखण्याचे कसब चवीसाठी जपायचे, तितकेच त्याच्यासाठीही.