जीपच्या टपाला अस्तर

आमची थार २०१२ची, मूळची कापडी टपाची. पावसासाठी फायबरचा, काढता-घालता येणारा टप बसवला आणि गाडीची भट्टी झाली! कुडाळ स्टेशनवरून पाहुणे मालवणला आणायचे म्हणजे तीसेक किलोमीटर शिजत यायचं, वर खडखडाट.

मग मी शहाणपणा केला. जुन्या गादीचा स्पंज आतून चिकटवला. जूनमध्ये तो पाणी प्यायला. तो कुबट वास आणि त्यात बाजारातले बांगडे! आठवडाभरात ओरबाडून काढला.

मागाहून कळलं, आवाज आणि ऊन यांना औषध एक नाही. टप थरथरतो म्हणून वाजतो. त्याला जड, चिकट ब्युटाईल रबराची शीट हवी, तीही बोटानं टकटक केल्यावर पोकळ वाजेल तिथेच. कारण वजन वाढतं, आणि टप उचलायचा आपल्यालाच असतो. उन्हासाठी त्यावर बंद छिद्रांचा फोम, ज्यात पाणी शिरत नाही. चंदेरी शीट लावणार असाल तर शेजारी हवेची फट ठेवा, कौलांखाली माळा असतो ना, तशी. फट नसेल तर ती नुसती शोभेची. चिकटवण्याआधी टप स्पिरिटनं पुसायचा. तेलकट राहिला, की मे महिन्यात सगळं डोक्यावर लोंबतं.

बोल्ट आणि कडेची रबरी पट्टी मात्र मोकळी ठेवा. आपली खारी हवा बोल्ट खाते, ग्रीस हवंच. वाऱ्याची शिट्टी येत असेल तर पट्टी बदला, फोमनं ती थांबत नाही.

आता सासूबाईंशी ओरडून बोलावं लागत नाही. ऐकू न आल्याचं निमित्तही गेलं म्हणा!