जुन्या मोटारहोमची जमीन – ५ : कुजलेला प्लाय

मोटारहोमची जमीन जिथे कुजलेली दिसते, तिथूनच पाणी आत शिरले असेल असे क्वचितच घडते. जीएमसीने अमेरिकेत 1973 ते 1978 या काळात बांधलेल्या मोटारहोममध्ये याचा वारंवार प्रत्यय येतो. या गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवते. पोटाखालून मागे जाणारा शाफ्ट नाही, त्यामुळे पाऊण इंची प्लायची जमीन रस्त्याला चांगलीच जवळ बसवता आली. छतावरच्या एसीसाठी साधारण 14 इंची चौकोनी भोक असते आणि त्याभोवती स्पंजसारखे गॅस्केट. वर्षानुवर्षे एसीच्या भाराने ते चेपते. तिथे झिरपलेले पाणी अस्तरामागून भिंतीत उतरते आणि थेट पलंगाखालच्या कोपऱ्यात साचते. म्हणून जमिनीच्या दुरुस्तीची सुरुवात छतापासून करावी लागते; गळती तशीच ठेवून घातलेला नवा प्लायही कुजणारच.

गेल्या भागात गालिचा निघाल्यावर एका वाचकाने विचारले, की भुसभुशीत जागी पातळ इपॉक्सी ओतून काम भागेल का? हा प्रश्न आधी सोडवायला हवा, त्यामुळे ठरलेला विनाइलचा विषय पुढच्या भागात. इपॉक्सीने भागते, पण फार थोड्या ठिकाणी: सैल झालेले स्क्रूचे भोक किंवा दोन बोटे रुंदीची खराब कड. प्लायचे थर एकमेकांपासून सुटले असतील तर इपॉक्सी वरच्या थरातच मुरते, खालचे थर सुटेच राहतात. शिवाय ओल्या लाकडात ते नीट धरत नाही. ‘ड्राय रॉट’ हे नावही फसवे आहे. कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागतेच. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही.

खराब भागाची हद्द ठरवायला बारीक टोकाचा स्क्रूड्रायव्हर पुरतो. चांगल्या प्लायमध्ये तो अडतो, कुजलेल्यात लोण्यात जावा तसा शिरतो. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेल्यास खणखणीत आवाज कुठे बद्द होतो तेही कळते. त्या हद्दीच्या पलीकडे किमान वीतभर, शक्यतो खालच्या आडव्या लोखंडी पट्टीच्या मध्यावर काप घ्यावा, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही कडांना आधार मिळतो. करवतीचे पाते प्लायच्या जाडीइतकेच खाली ठेवावे. खाली वायरी आणि नळ्या असतात. जुन्या विनाइलच्या फरशा किंवा त्यांखालचा काळा डिंक घासू नये. त्या काळच्या अशा मालात अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आधी तपासणी करून घ्यावी.

नव्या तुकड्याचा वरचा रेषा-पोत खालच्या पट्ट्यांना काटकोनात हवा. त्या दिशेने प्लाय अधिक ताकदवान असतो. जाडीचा घोळ मात्र हमखास होतो. खऱ्या पाऊण इंचाचे 19 मिलिमीटर, पण आज अमेरिकेत पाऊण इंची म्हणून मिळणारा प्लाय बहुधा 23/32 इंचाचा, म्हणजे सव्वाअठरा मिलिमीटरचा. पाऊण मिलिमीटरची ही पायरी विनाइलमधून ठळक दिसते. उपाय सोपा आहे. सांध्याखाली प्लायची पट्टी लावून तिच्यावर घट्ट केलेल्या इपॉक्सीचा जाड थर द्यायचा. वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेली सरळ फळी जुन्या जमिनीवर आडवी टेकवायची आणि नवा तुकडा स्क्रूने तिच्याकडे वर ओढून घ्यायचा. इपॉक्सी सुकल्यावर फळी निघते आणि दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत राहतात.

तुकडा बसवण्याआधी त्याच्या चारही कडांना इपॉक्सीचे दोन हात द्यावेत, कारण प्लाय पाणी पितो तो कडांतून. लोखंडावरचा गंज घासून प्रायमर लावावा. जिथे अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना भिडतात तिथे मध्ये रबराची किंवा टेपची पट्टी हवी, नाहीतर ओलीत अॅल्युमिनियम झिजते. सुकलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो. तो पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुऊन काढावा आणि मगच सँडपेपर फिरवावा. उलट क्रमाने केल्यास तो थर पृष्ठभागात घासला जातो आणि वरचा डिंक सुटतो.