डेक्कन कॉलेजचा गोतावळा

टिळक-आगरकर जिथे शिकले, ते पुण्याचे डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केले. माजी विद्यार्थी हटून बसले, प्रकरण कोर्टात गेले आणि ऑगस्ट १९३९ मध्ये येरवड्याच्या त्याच दगडी इमारतीत पदव्युत्तर संशोधन संस्था उभी राहिली. तिथे जमलेली माणसे एका मुशीतली मुळीच नव्हती. संचालकपदी आले इराच तारापोरवाला, अवेस्तेच्या गाथांचे पारशी अभ्यासक. पुरातत्त्वाला हसमुख सांकलिया: मुंबईत जन्मलेले गुजराती, लंडनची डॉक्टरेट मिळवलेले, मॉर्टिमर व्हीलरच्या हाताखाली इंग्लंडच्या मेडन कॅसलला खणून आलेले.

आणि इरावती कर्वे. जन्म ब्रह्मदेशातला, नाव तिथल्या नदीचे, वाढल्या पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरी. तत्त्वज्ञान शिकून झाल्यावर मुंबईत घुऱ्यांकडे समाजशास्त्र केले आणि मग थेट बर्लिन गाठले. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते वंशश्रेष्ठत्व मानणारे ऑयगेन फिशर. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा गुरूला न मानवणारा निष्कर्ष प्रबंधात मांडला. ‘युगान्त’ची लेखिका म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो, या प्रबंधातला कणखरपणाही त्याने तितकाच जवळचा मानायला हवा.

गुजरातेत लांघणजला सांकलियांना गारगोटीच्या बारीक हत्यारांसोबत माणसांचे सांगाडे मिळाले, तेव्हा हाडे वाचणाऱ्या सहकारी, इरावतीबाई, संस्थेतच होत्या. दोघांनी मिळून तिथल्या लोकांवर लिहिले.

वेगवेगळ्या शास्त्रांनी एकत्र काम करण्याच्या या रीतीचे सर्वांत भरघोस पीक आले इनामगावला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ पासून पंधराएक वर्षे उत्खनन चालले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांसोबत हाडांचे, दातांचे, बियांचे, मातीचे जाणकारही कामाला लागले. गहू, सातू, तांदूळ, डाळी, तीळ असे दाणे निघाले. बोरे, आवळे, जांभळे खाल्ल्याच्या खुणा निघाल्या. प्रौढ माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडलेले आढळले. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे, धान्याच्या कोठाराचे एक घर होते. त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला सापडला. तो गावातला कोणी मातब्बर असावा, हा तर्क घर, कोठार, रांजण आणि सांगाडा एकत्र पाहिल्यावरच बांधता येतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचे ताट आणि त्याच्या गावातली उतरंड, दोन्ही आपल्याला कळतात ती या मंडळींमुळे.

त्याच आवारात भाषेचे लोक. अशोक केळकर अमेरिकेत कॉर्नेलला जाऊन मराठीचे ध्वनी आणि रूपे तपासून परतले. प्राकृत आणि जैन वाङ्मयात मुरलेल्या अमृत घाटग्यांनी मराठीच्या बोलींची पाहणी हाती घेतली. सुमित्र कत्र्यांनी कोकणीच्या घडणीवर १९४२ मध्ये पुस्तक लिहिले आणि संस्थेचे प्रमुख म्हणून १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचा घाट घातला. ऋग्वेदापासून १८५० पर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ, त्यांतून उतरवलेल्या कोटीभर चिठ्ठ्या. एकेक शब्द वेदात, व्याकरणात, आयुर्वेदात, गणितात कुठल्या अर्थाने आला हे लावायचे, म्हणजे त्या त्या शास्त्रात गती असलेली माणसे हवीत. पहिला भाग १९७६ मध्ये घाटग्यांच्या संपादनाखाली निघाला. त्यानंतर कित्येक दशके आणि अनेक खंड ‘अ’ या एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांनी घेतले.