लोकवर्गणी, नोंदवही आणि सोलापूरचा इतिहास

स्थानिक इतिहासाच्या वस्तुसंग्रहालयाची इमारत शासकीय अनुदानातून उभी राहू शकते. परंतु ते संग्रहालय वाढते आणि टिकते ते लोकांनी दिलेल्या वस्तूंवर, लोकवर्गणीवर आणि या दोहोंच्या चोख नोंदींवर. सोलापूर जिल्ह्यात अशा नोंदींची परंपरा सातशे वर्षांहून जुनी आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणून ओळखला जाणारा शिलालेख शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७, या काळातील असून, मंदिरासाठी देणग्या देणाऱ्यांची नावे आणि त्यांचे दान त्यात कोरलेले आहे. दानाच्या रकमा गद्याण या तत्कालीन सोन्याच्या नाण्यात सांगितल्या आहेत. यादव राजा रामचंद्रदेव आणि त्याचा प्रधान हेमाद्री यांच्या बरोबरीने इतर भाविकांची नावेही त्यात आहेत. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका व्हावी या श्रद्धेने वारकरी या शिळेला पाठ लावत आले. अभ्यासकांना मात्र याच देणगीदारांच्या यादीतून तेराव्या शतकातील मराठी भाषा, चलन आणि विठ्ठलभक्तीचा विस्तार समजून घेता आला. दानाची नोंद नीट ठेवली की ती नोंदच पुढे इतिहासाचे साधन होते, हे या लेखाने सिद्ध केले आहे.

दान केवळ पैशांचे नसते. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथील शके ९४० मधील, म्हणजे इ. स. १०१८ मधील, मराठी शिलालेख प्रकाशात आला तो सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्यामुळे. विद्यापीठातील पद नसतानाही जिल्ह्यातील शिलालेख शोधून वाचण्यात त्यांनी आयुष्य वेचले, आणि हे ज्ञानाचे दान कोणत्याही मोठ्या देणगीच्या तोडीचे आहे.

सोलापूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे वस्तुरूप दानाचे उत्तम उदाहरण दिसते. तेर म्हणजे ग्रीक लेखकांनी ‘तगर’ या नावाने उल्लेखिलेली प्राचीन व्यापारपेठ होय. तेथील रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरात मिळणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, नाणी अशा हजारो वस्तू जमवल्या आणि हा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्याच नावाने तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. वस्तू जिथे सापडल्या तिथेच राहिल्यामुळे त्यांचा परिसराशी असलेला संबंध तुटला नाही, हे या दानाचे खरे मोल आहे.

सोलापूर शहरातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकामागेही लोकवर्गणीचा एक धागा आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय मदत पाठवण्यासाठी १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले, निधी जमला, आणि पाच भारतीय डॉक्टरांचे पथक रवाना झाले. त्या पथकातील कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच मृत्यू पावले. सोलापुरातील त्यांच्या जन्मघरी आज महापालिकेने जतन केलेले स्मारक आहे.

या शहराच्या आठवणींचा बराच मोठा भाग मात्र अजून घराघरांत आहे. १८७०च्या दशकात पहिली कापड गिरणी सुरू झाल्यापासून येथे कामगारांची वस्ती वाढत गेली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणाऱ्या कुटुंबांकडे गिरणीचे पास, हातमागाचे धोटे, चादरींचे जुने नमुने, १९३० मध्ये ब्रिटिश सरकारने शहरात लावलेल्या मार्शल लॉच्या काळातील कागद आणि छायाचित्रे असण्याचा मोठा संभव आहे. त्याच काळातील घटनांवरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्या काळाचा कागद रद्दीत जाणे हे कधीही भरून न येणारे नुकसान आहे.

घराघरांतील अशा वस्तूंचे दान स्वीकारताना संग्रहालयाने दानपत्र करून घेणे, वस्तू कोठून व कोणाकडून आली हे आवक नोंदवहीत लिहिणे आणि तिला क्रमांक देणे आवश्यक असते. उगम अज्ञात असलेल्या वस्तूचे ऐतिहासिक मोल बरेच कमी होते. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज १८७८च्या केंद्रीय कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, तर ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची, म्हणजे सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची, नोंदणी १९७२च्या कायद्याने बंधनकारक आहे. पैशांच्या देणगीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला विश्वस्त न्यास असावा लागतो आणि त्याच्या हिशेबांची तपासणी दरवर्षी व्हावी लागते. २०१३च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या तरतुदीत वारशाच्या जतनाचा समावेश असल्याने उद्योगांकडूनही निधी मिळू शकतो.

देणगीदार बहुधा इमारतीसाठी हात सैल सोडतात. पण पहारा, वीज, कीडनियंत्रण, कागदांचे जतन आणि आवारातील शिल्पांची निगा हा खर्च कधीच संपत नाही. म्हणून मूळ रकमेला हात न लावता केवळ व्याज वापरायचे, असा कायम निधी उभारणे आणि त्यात अनेकांनी दरवर्षी थोडी थोडी भर घालणे अधिक हितावह ठरते. अशा वर्गणीचा हिशेब दर्शनी भागात लावला, तर ज्याने शंभर रुपये दिले त्यालाही संग्रहालय आपले वाटते, आणि मग घरातील जुना कागद तेथे आणून देण्याचा विश्वासही त्याच्या मनात निर्माण होतो.